मदत हवी आहे: रात्री प्यायला, पहाटे अल्कोमीटरवर सापडला. भावाचं लायसन जाईल का?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. प्रश्न धाकट्या भावाचा आहे, तो टॅक्सी चालवतो.

रविवारी चुलत बहिणीचं लग्न झालं. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या दारूचे दिवस, रात्री अंगणात लिंबू-मीठ-मिरची घातलेले ग्लास फिरत होते. बाराच्या सुमारास भाऊ उठला, जेवला आणि झोपला. पहाटे साडेपाचला पाहुण्यांना मोपा विमानतळावर सोडायला निघाला, तर वाटेत नाकाबंदी. नळीत फुंकायला लावलं, आकडा आला ४६. तो नीट चालत होता, नीट बोलत होता. तरी लायसन घेतलं आणि हातात पावती दिली. गाडी मी आणि काकांनी जाऊन आणली.

एजंट म्हणतो, 'कोर्टात गुन्हा मान्य करा, दहा हजार भरा, विषय संपला.' आईने तर पैसे काढूनही ठेवलेत. पण टॅक्सीचा हप्ता अजून तीन वर्षं आहे. खरंच एवढ्यावर संपतं का? आणि पावतीवर तोवर टॅक्सी चालवता येते ना?

उत्तर १
ताई, मी म्हापशाला वकिली करते. घाईत काही मान्य करू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. ४६ म्हणजे त्याच्या वर. नीट चालत होता हे तिथे उपयोगी पडत नाही. दर १०० मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच कमी होतं, त्यामुळे पाच तासांची झोप पुरली नाही. काळी कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ, यांनी तो वेग वाढत नाही.

पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखं हे जागेवर भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. एजंट सांगत नाही ती गोष्ट पुढे आहे: कलम १८५ खाली दोषी ठरलं की कोर्टाला किमान सहा महिन्यांसाठी लायसनवर बंदी घालावीच लागते. तुमच्या घरात दहा हजारांपेक्षा ते सहा महिने जड आहेत. शिवाय जप्त लायसन पोलीस आरटीओकडे पाठवतात, तिथेही निलंबनाची कारवाई होऊ शकते. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या.

पावतीवर गाडी चालवता येत नाही. ती फक्त लायसन घेतल्याची पोच.

आता कागद गोळा करा. यंत्राची स्लिप मिळाली आहे का? तिच्यावरची वेळ आणि आकडा तपासा. अटक दाखवली आहे का, हेही बघा. अटक केली असेल तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. हे सगळं घेऊन वकिलाला भेटा, आणि मान्य करायचं की लढायचं ते मगच ठरवा. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करून मोफत कायदेशीर मदतीला तो पात्र आहे का ते विचारा.

उत्तर २
माझ्या दोन टॅक्सी आहेत, म्हणून विम्याचं सांगतो. दारू पिऊन अपघात झाला तर विमा कंपनी स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारू शकते, आणि समोरच्याला दिलेली रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते. २०२३ च्या ऑगस्टात बाणस्तारी पुलावर कारच्या धडकेत तीन माणसं गेली, तेव्हापासून मी चालकाला सकाळी डोळ्यांसमोर उभा केल्याशिवाय चावी देत नाही. तुमच्या भावाच्या गाडीला त्या पहाटे कोणी आडवं आलं नाही, हे फार मोठं आहे.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. स्लिप सापडली, शर्टाच्या खिशात चुरगळून पडली होती. वेळ ५:५२, आकडा ४६. अटकेचा कागद नाही.

आजही तो पावती खिशात घालून भाडं मारायला निघाला होता. उत्तर वाचलं आणि फाटकापाशी जाऊन चावी काढून घेतली. चिडला, पण स्लिप समोर ठेवून १५ चा हिशेब करून दाखवला तेव्हा ओट्यावर बसून राहिला. म्हणाला, 'ताई, मागे मावशीपण बसली होती.'

तोवर लायसन असलेला दुसरा चालक ठेवून टॅक्सी चालवली तर अडचण नाही ना?

उत्तर १
नाही. त्याचं लायसन चालू आहे ना आणि गाडीचे परमिट, विमा बरोबर आहेत ना, एवढं तपासा.