मदत हवी आहे: गिब्सन साहेबांची हिवऱ्याची बाग नेमकी कुठे होती?

नमस्कार मंडळी,

माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. तिथल्या शाळेत पावसाळ्यात झाडं लावतात, आणि यंदा त्या दिवशी मुलांना डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याबद्दल सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. इंग्रजीतलं बरंच वाचून झालं. अडलंय ते आपल्याकडच्या माहितीपाशी.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: गिब्सन जन्माने स्कॉटिश, १८०० सालचे. कंपनी सरकारचे डॉक्टर म्हणून १८२५ मध्ये मुंबई इलाख्यात आले. दख्खन-खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर होते, तेव्हा गावोगाव फिरले. माझ्या मते त्यांना इथली झाडं कळली ती या फिरतीत. १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्यांच्याकडे होती आणि १८४७ मध्ये ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. वनस्पतीतज्ज्ञ डाल्झेल यांच्यासोबत लिहिलेलं, मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचं 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक १८६१ चं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. कोकणात आणि घाटात झाडी तुटली की झरे आटतात, खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी १८४० च्या दशकातच सरकारला लिहून कळवलं होतं. उन्हाळ्यात आमच्या गावात टँकर येतो. तो बघितला की ते पत्र आठवतं. अर्थात, जंगल राखताना त्यांनी कुमरी शेतीला (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीला) विरोध केला, आणि त्याचा भार डोंगरातल्या माणसांवर पडला. मुलांना हेही सांगणार आहे.

आता मुद्द्याचं. जुन्नरजवळ 'हेवरा' इथे त्यांची दुसरी बाग होती. सरकारी दवाखान्यांच्या औषधांसाठी तिथे सोनामुखी, खुरासानी ओवा अशी लागवड असे. 'हेवरा' म्हणजे हिवरे हे उघड आहे, पण तालुक्यात हिवरे नावाची एकाहून जास्त गावं आहेत. त्यांतलं हे कोणतं? तिथे जुनं जोतं, विहीर, बाहेरून आणलेलं एखादं म्हातारं झाड कुणी पाहिलंय का?

दुसरं म्हणजे, दापोडीत एका भारतीय चित्रकाराने गिब्सन यांच्यासाठी वनस्पतींची दीडशेहून जास्त चित्रं काढली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत, पण त्यांवर त्याचं नाव नाही. त्या काळच्या पुण्यातल्या चितारी घराण्यांवर कुणी काम केलं असेल तर कृपया इथे लिहा. पाकळीची एकेक शीर काढणारा माणूस निनावी राहावा, याचं फार वाईट वाटतं.

आणि ज्यांच्या घरी वनखात्याशी किंवा देवी टोचण्याशी संबंधित जुने मोडी कागद असतील त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. मोडी वाचणाऱ्या एका मावशींनी मदत करायचं कबूल केलं आहे. कागद हातचे सोडायची गरज नाही, स्वच्छ फोटो पुरेत.