डीपीएफ कापा म्हणणाऱ्या शहाण्यांनो

खड्डेश्वर: काल इथे एकाने लिहिलंय, "बीएस६ डिझेलचा डीपीएफ कापा, इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून रिमॅप करा, पिकअप वाढतो, प्रदूषण वगैरे थापा आहेत." वाचून डोकंच फिरलं. अहो डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी पकडणारा फिल्टर, ती काजळी त्यात अडकते म्हणून मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जात नाही. जुन्या प्रदूषण-नियमातल्या बीएस४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण चालायचे, नव्या नियमातल्या बीएस६ला ४.५. ते काय पूजा घालून कमी झाले?

चिडका_कोथरूडकर: ती पोस्ट माझीच. माझं ऑफिस ४ किलोमीटरवर, डेक्कनला. दर थोड्या दिवसांनी डीपीएफचा दिवा लागतो, सर्व्हिसवाला म्हणतो हायवेला न्या, मग रविवारी बायकोची बोलणी खात खेड शिवापूरपर्यंत जाऊन यायचं, वर टोल. फिल्टर साफ करायला डिझेल जाळायचं म्हणजे पर्यावरण?

खड्डेश्वर: ४ किलोमीटरला डिझेल घ्या असं कुणी सांगितलं होतं? फिल्टरमधली काजळी जळून तो साफ व्हायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, कर्वे रोडच्या सिग्नलला उभं राहून नाही होत ते.

चिडका_कोथरूडकर: सेल्समनने सांगितलं होतं!! तुम्ही द्या पेट्रोल गाडी घेऊन.

जुनी_आठशे: डीपीएफ कापलेल्या गाडीलाही पीयूसी मिळतेच की. माझ्या वेळी सायलेन्सरला तपासणीची नळी लावलीच नाही, नंबरप्लेटचा फोटो, पैसे, कागद, संपलं.

तिसरा_गिअर: सेम! मी म्हटलं नळी घाला, तर म्हणे साहेब नवी गाडी आहे, पास होणारच.

खड्डेश्वर: पीयूसीचा धागा वेगळा काढा की.

गॅरेज_मामा: नळी घातली तरी काय कळतं हो, पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलला नुसता धूर किती काळा ते, नायट्रोजन ऑक्साइड तिथे कोणी बघतच नाही, आणि फोक्सवॅगनचा २०१५चा घोळ त्याचाच होता, टेस्टला साफ आणि रस्त्यावर घाण. पेट्रोलवाल्यांनीही उडू नये. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, सकाळी गार गाडी काढलीत की सुरुवातीला सगळं तसंच बाहेर.

जुनी_आठशे: म्हणजे पीयूसी फालतूच. मी तेच म्हणत होतो.

गॅरेज_मामा: फालतू नाही, अपुरी. कन्व्हर्टर गेलेली पेट्रोल गाडी नळी घातली तर सापडू शकते.

तिसरा_गिअर: घातली तर!

चिडका_कोथरूडकर: बरं, नाही कापत. टोलच्या पावत्या मात्र खड्डेश्वरांना पाठवणार.

खड्डेश्वर: पाठवा. रविवारी जाताना मलाही घ्या, बघू किती वेळात दिवा जातो.

जुनी_आठशे: ते असू द्या, नळी लावणारं पीयूसी सेंटर कुणाला माहितीये का?