'आय ॲम रेसिडेंट' मधे 'ए' का हवा? आणि बाप 'द फार्मर' का नाही?

झेरॉक्सवाला
नमस्कार मंडळी. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. दिवसाला दहा-बारा इंग्रजी अर्ज टाईप करतो. स्पेलिंग चुकलं तर संगणक लाल रेघ मारतो, ए-ॲन-द चुकलं तर बहुतेक वेळा गप्प बसतो. काल एक गिऱ्हाईक अर्ज परत घेऊन आलं. 'आय ॲम रेसिडेंट ऑफ धिस व्हिलेज' मधे साहेबांनी लाल पेनानं 'ए' घुसवलेला. खाली 'माय फादर इज द फार्मर' मधला 'द' खोडून तिथेही 'ए'. शाळेत शिकलो होतो की विशिष्ट असेल तर 'द'. आता गिऱ्हाइकाचा बाप विशिष्टच आहे की!

बंड्या_७७
शंका आली की 'द' ठोकायचा. मी नोकरीभर तेच केलं.

निवृत्त_मास्तर
बंड्याचं ऐकू नका. ३१ वर्षं आठवी-नववीला इंग्रजी शिकवलं, सगळा घोळ त्या 'विशिष्ट' शब्दानं केलाय. बाप एकच असतो, कबूल. पण वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे का, की कोणता शेतकरी? 'द फार्मर' म्हटलं की साहेब मनात म्हणणार, कोणता बुवा? गावात शेतकरी पुष्कळ, त्यातला हा एक, म्हणून 'ए'.

आणि 'रेसिडेंट'पुढचा 'ए' सुटतो तो मराठीमुळे. 'मी एक रहिवासी आहे' म्हटलं तर भाषणाला उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणून हात कचरतो. इंग्रजीत मात्र मोजता येणारं एकवचनी नाम सहसा उघडं फिरत नाही. ए, द, माय, धिस, काहीतरी अंगावर लागतंच.

खरं तर ए आणि द मधला फरक आपण रोज करतो, वेगळा शब्द न लावता. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणून बघा. पहिलं 'ए बुक', दुसरं 'द बुक'. नुसती जागा बदलली. जिवंत माणसाजनावराला तर प्रत्ययच बोलतो. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हणजे पोरगं तापलंय, कुणीही चालेल. 'मी डॉक्टरांना शोधतोय' म्हणजे आपले नेहमीचे, दवाखान्यात दिसत नाहीयेत. वर्गात मी बैल घ्यायचो. 'बैल बघायला गेलो' म्हणजे बाजारात. 'बैलाला बघायला गेलो' म्हणजे तो आजारी आहे. शेवटच्या बाकावरचीसुद्धा हसायची आणि लक्षात ठेवायची.

सगळीकडे ही युक्ती लागू पडत नाही. इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर इंग्रजीत मोजत नाहीत, तेव्हा 'ॲन इन्फर्मेशन' टाईप करू नका. माहितीच्या अर्जात हमखास दिसतं.

लीड्सची_नर्स
रजेच्या अर्जासाठी एक भर. 'माय मदर इज इन हॉस्पिटल' हे इथे इंग्लंडमधे बरोबर, आई दाखल आहे. 'इन द हॉस्पिटल' म्हटलं तर ती कुणाला भेटायला किंवा कामाला त्या इमारतीत आहे, असाही अर्थ निघतो. अमेरिकन लोक पेशंटलाही 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. माझी अमेरिकन मैत्रीण आणि मी यावर अजून भांडतो.

झेरॉक्सवाला
मास्तर, बैल डोक्यात बसला. अजून एक. 'एमएलए'च्या आधी काय? एम तर व्यंजन.

निवृत्त_मास्तर
अक्षर बघू नका, तोंड बघा. 'एम' म्हणताना तोंडातून आधी 'ए' निघतो, म्हणून 'ॲन एमएलए'. 'युनिव्हर्सिटी'ला 'यु', म्हणून 'ए'. 'अवर'चा एच मुका, म्हणून 'ॲन'. या ए-ॲननं खुद्द इंग्रजांनाही फसवलंय. 'अंपायर' आणि 'ॲप्रन' हे दोन्ही शब्द पूर्वी 'न'नं सुरू व्हायचे. ऐकता ऐकता तो 'न' शब्दाचा सुटला आणि आधीच्या 'ए'ला चिकटला, कायमचा.

झेरॉक्सवाला
म्हणजे मेलो. कालच एका शिफारसपत्रात 'ए एमएलए' छापून दिलंय, पाच प्रती, लेटरहेडवर. पत्र आज पुढच्या कचेरीत जायचंय. फोन करून परत मागवू, की राहू दे?