अप्पांच्या एफडीचं व्याज रिटर्नमध्ये किती दाखवू?

अंबाजोगाईकर
यंदा अप्पांचं (वय ६८, निवृत्त शिक्षक) रिटर्न आयकराच्या पोर्टलवर मीच भरायलोय. आजवर पाचशे रुपये देऊन एकाकडून भरून घ्यायचो. त्यानं गेल्या साली पेन्शन तेवढी टाकली अन् व्याजाचा रकाना कोराच सोडला. आता धास्ती वाटायली.

२०२५-२६ चा हिशेब असा: पेन्शन ६,१२,०००. बँकेच्या फिक्सचं व्याज पासबुकात १,०१,१६० जमा. पोस्टात ज्येष्ठांच्या योजनेत १० लाख, त्याचे दर तिमाहीला २०,५००. गावातल्या पतसंस्थेचे ३८,५००. बचत खात्याचे ६,३४०.

पोस्टात १५एच फॉर्म भरलाय, म्हणजे ते व्याज दाखवायचं नाही ना? बँकेत मात्र १५एच द्यायचा राहिला. आणि पोर्टलच बरं, की एखादं फुकटचं अ‍ॅप सुचवता?

निवृत्त_हेडक्लार्क, नांदेड
१५एच म्हणजे "माझा टीडीएस कापू नका" एवढंच; टीडीएस म्हणजे व्याज देतानाच कापून घेतलेला कर. व्याज माफ झालं असं नव्हे. पोस्टाचे ८२,००० पूर्ण दाखवा.

बँकेचा आकडा मला खटकतो. ज्येष्ठांना वर्षाला एक लाखाच्या वर व्याज गेलं की बँक १०% कापते. १,०१,१६० ही कापून उरलेली रक्कम दिसते. पोर्टलवर एआयएस (वर्षभराच्या उत्पन्नाची आयकर खात्याकडची नोंद) उघडा, तिथं १,१२,४०० व्याज आणि ११,२४० टीडीएस असणार. रिटर्नमध्ये १,१२,४०० टाकायचे. पासबुकातला आकडा टाकला तर व्याज कमी दाखवलं म्हणून पत्र येतं. माझ्या मेव्हण्याला आलं होतं, आठ दिवस जेवण गोड लागलं नाही त्याला.

एआयएसची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन छोट्या लिपीत, त्याला जोडून जन्मतारीख, महिना, साल. मधे जागा सोडू नका.

मांजराकाठ
पतसंस्थेचं कशाला दाखवायलात? तिथं टीडीएस कापत नाहीत, एआयएसमध्येही येत नाही. कुणाला कळतंय?

निवृत्त_हेडक्लार्क, नांदेड
मांजराकाठ भाऊ, लपवून वाचतं काय ते तरी बघा की. सगळं व्याज मिळून २,३९,२४०. पेन्शनमधून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ५,३७,०००. बेरीज ७,७६,२४०. कराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत ८७ए कलमाची सूट आहे, कर शून्य! उलट बँकेनं कापलेले ११,२४० परत मिळतात. ३८,५०० लपवून एक रुपया वाचत नाही. आणि तसंही, एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न नाही, असं होत नसतं.

जुनी पद्धत निवडू नका. तिथं ८०टीटीबी चे (ज्येष्ठांच्या व्याजावरची वजावट) ५०,००० वजा होतात हे खरं, पण ८०सी (गुंतवणुकीची वजावट) वगैरे काही नसेल तर साठ हजारांच्या वर कर बसेल.

खवापोळी
अ‍ॅपच्या नादी लागू नका, पोर्टलच वापरा. मी एका साइटवर 'फुकट' बघून सगळं भरलं, अन् शेवटच्या पानावर पैसे मागितले. पोर्टलवर आयटीआर-१ 'सहज' हा फॉर्म घ्या. 'इतर स्रोत' मध्ये बचत खात्याचं व्याज वेगळं आणि ठेवींचं वेगळं. बँक, पोस्ट, पतसंस्था हे सगळं ठेवींच्याच ओळीत येतं. गेल्या साली रिफंड आला असेल तर त्यावरच्या व्याजाची पण एक ओळ आहे, ती लोक हमखास विसरतात.

अप्पांच्या नावावर शेती आहे का? सोयाबीनचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर 'सहज' चालत नाही, आयटीआर-२ लागतो.

अंबाजोगाईकर
शेती आईच्या नावावर आहे. एआयएस बघितला, १,१२,४०० च निघाले! पण त्यात अजून ९,८०० व्याज दिसायलंय, दुसऱ्याच शाखेचं. अप्पा म्हणतात, "ती पावती अजून मोडलीच नाही, व्याज कुठून आलं?"

निवृत्त_हेडक्लार्क, नांदेड
ती मुदतीनंतर एकदम पैसे देणारी पावती असणार. हातात पैसे पडत नाहीत, पण बँक दरवर्षी व्याज नावावर लावत जाते. तेही दरवर्षी दाखवत चला, नाहीतर पावती मोडेल त्या साली सगळा बोजा एकदम येईल. तरी कर शून्यच राहतोय. शाखा एकदा अप्पांना विचारून घ्या. पावती आपली नसेलच तर एआयएसमध्येच ती नोंद चुकीची असल्याचं कळवता येतं.

खवापोळी
रिटर्न पाठवलं म्हणजे संपलं नाही हं. ३० दिवसांत आधार ओटीपीनं पडताळणी करा. ओटीपी अप्पांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, तो जुना डबडा फोन चार्ज करून ठेवा. रिफंडचं बँक खातंही पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्या.

अंबाजोगाईकर
पावती आमचीच निघाली, आडसच्या शाखेची. ताईच्या लग्नासाठी ठेवली होती. ताईचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली. ९,८०० धरले, रिटर्न पाठवलं, ओटीपीही झाला. अप्पा आता ट्रंक उघडून बसलेत, अजून काही निघतंय का बघायलेत.