सल्ला हवा: १८४५ चं आयर्लंड आणि ब्लॅकबेरी, काय वाचू?

बांधावरची
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी किशोरवयीन मुलांची एक दीर्घकथा लिहिते आहे. काळ १८४५ चा सप्टेंबर, जागा आयर्लंडच्या दक्षिणेकडचं एक खेडं. दहा वर्षांची मुलगी कुंपणावरच्या ब्लॅकबेऱ्या काढत हिंडते. बटाट्याच्या दुष्काळावर बरंच वाचलंय, पण सगळं राजकारण आणि आकडे. मला रोजचं जगणं हवंय. ही फळं कोण काढायचं, त्यांचं पुढे काय व्हायचं, त्यांच्याबद्दल समजुती काय होत्या? आईने घरी जॅम केला असं दाखवलं तर चालेल का? शक्यतो फुकट वाचता येईल असं सुचवा. इंग्रजी चालेल, आयरिश येत नाही. नुसतं 'ब्लॅकबेरी' शोधलं की त्या नावाचे मोबाइलच दिसतात, वैताग आहे.

कॉर्ककर
ताई, डोळे मिटून 'डूखस डॉट आय ई' या साइटवर जा. तिथे 'स्कूल्स कलेक्शन' आहे. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडभरच्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वह्या भरल्या, त्या सगळ्या स्कॅन करून ठेवल्यात. फुकट आहे. फक्त एक धरून चाला, सांगणारे आजी-आजोबा साधारण १८६० च्या आसपास जन्मलेले. म्हणजे दुष्काळ त्यांनी ऐकलेला, पाहिलेला नव्हे.

तिथली एक भारी समजूत: या झुडपाची लांब फांदी वाकून टोक जमिनीला टेकलं की तिथे मुळं धरते आणि कमान होते. हॅलोवीनच्या रात्री सैतानाचं नाव घेत त्या कमानीखालून रांगत गेलं की पत्त्यांत हटकून जिंकता येतं म्हणे!

काढण्याबद्दल स्वानुभव: काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. हात आत सहज जातो, बाहेर काढताना बाही आणि कातडी दोन्ही फाटतं. करवंदाच्या जाळीत हात घातलेल्याला वेगळं सांगायला नको. घोसाच्या टोकाचं फळ सगळ्यात आधी पिकतं, तेच सगळ्यात मोठं आणि गोड. मागची लहान, बियाळ फळं नंतर येतात. तुमच्या मुलीला हे पाठ असणार.

जुनी_कागदपत्रं
जॅम नको. साखरेवरचा कर ब्रिटनने १८७४ मध्ये पूर्ण काढला आणि त्यानंतरच जॅम गरिबाच्या घरात आला. १८४५ च्या मजुराच्या झोपडीत एक लोखंडी भांडं, बटाटे आणि बरं चाललं असेल तर ताक. धडधाकट पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. ब्लॅकबेरी पोरं उभ्या उभ्या खायची, उरली तर घरी. जॅम हवाच असेल तर जमीनदाराच्या बंगल्यावर दाखवा, आईला तिथे कामाला पाठवा. तो विरोधाभास कथेला जास्त उपयोगी पडेल.

दुसरं, तारखेचं. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन बागेचे डेव्हिड मूर यांना २० ऑगस्ट १८४५ रोजी बटाट्यावर करपा दिसला. पण मुख्य पीक काढायचं ऑक्टोबरात, नुकसान किती ते तेव्हा कळलं, आणि त्या वर्षी निम्मं-अधिक पीक वाचलं. म्हणजे १८४५ च्या सप्टेंबरात तुमची मुलगी उपाशी नाही. भूक दाखवायची तर १८४६ घ्या, त्या वर्षी जवळपास सगळंच गेलं. अवांतर: याच मूर यांनी पुढे १८६६ मध्ये ए. जी. मोर यांच्यासोबत आयर्लंडच्या वनस्पतींवर 'सिबेले हिबर्निका' लिहिलं.

डबा_आणि_डाएट
वरच्याला +१. 'रानफळांवर गाव जगलं' हा मोह मात्र टाळा. १०० ग्रॅम ब्लॅकबेरीत जेमतेम ४३ कॅलरी, बटाट्यात त्याच्या जवळपास दुप्पट. पोट भरणं अशक्य. पण क जीवनसत्त्व दोन्हींत आहे आणि मदत म्हणून आलेल्या मक्याच्या पिठात नाही. म्हणून तर बटाटा गेल्यावर १८४७ पर्यंत स्कर्व्ही दिसू लागला. हंगामाचे पाच-सहा आठवडे त्या फळांनी हिरड्या वाचवल्या असतील, जीव नाही.

पुस्तककिडा
वाचायला सांगतो. विल्यम वाइल्ड (ऑस्करचे वडील) यांचं 'आयरिश पॉप्युलर सुपरस्टिशन्स', १८५२. छोटं आहे, दुष्काळाने जुनी माणसं आणि जुन्या समजुती कशा पुसल्या याची हळहळ त्यात सुरुवातीपासून आहे. त्यात तुमच्या कामाचं वाक्य सापडेल: फळं उतरायला लागली की मुलांना सांगत, आता खाऊ नका, पूकाने घाण केलीय. पूका म्हणजे रूप बदलणारं, बहुतेकदा काळ्या घोड्याच्या रूपात येणारं भूत.

त्या काळचं खेडं हवं असेल तर अॅसेनाथ निकल्सन. ही अमेरिकन बाई १८४४-४५ मध्ये आयर्लंडभर हिंडली, बरंचसं पायी, आणि गरिबांच्या झोपड्यांत राहिली. 'आयर्लंड्स वेलकम टु द स्ट्रेंजर', १८४७. धर्मप्रचार बराच आहे, ती पानं सरळ उलटा. किल्केनीतल्या कॅलन गावचे मास्तर-दुकानदार अव्लीव ओ'सुलिवन यांची १८२७ ते १८३५ ची रोजनिशी मूळ आयरिश, पण इंग्रजी भाषांतर आहे. हवामान, झाडंझुडपं, बाजार आणि जुना बटाटा संपून नवा यायच्या आधीची जुलैची भूक, सगळं रोजच्या रोज. माझं मत विचाराल तर आधी हेच.

जुन्या वर्तमानपत्रांत शोधणार असाल तर सावधान. 'ब्लॅकबेरीइतके मुबलक' हा वाक्प्रचार शेक्सपिअरच्या नाटकातल्या फॉल्स्टाफ या पात्रापासून चालत आलाय आणि त्या काळचे संपादक तो उठसूट वापरत. शंभर ठिकाणी शब्द सापडेल आणि फळ एकाही ठिकाणी नसेल.

बांधावरची
खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार! १८४६ करते आणि आईला बंगल्यावर पाठवते. एक शंका: पूकाची तारीख नक्की कुठली? एकीकडे २९ सप्टेंबर वाचलं, दुसरीकडे हॅलोवीन.

पुस्तककिडा
दोन्ही बरोबर, गावागावाचा फरक. २९ सप्टेंबर म्हणजे मायकेलमस, संत मायकेलचा सण. कवी येट्सच्या १८८८ च्या लोककथासंग्रहात मात्र १ नोव्हेंबर, म्हणजे हॅलोवीनचा दुसरा दिवस, हा पूकाचा दिवस म्हटलाय. दक्षिणेतली कथा आहे तर 'डूखस'वर त्या काउंटीच्या वह्या पाहून एक ठरवा आणि कथेत तारीख न सांगता सणाचं नाव घ्या.

कॉर्ककर
आणि मुलगी जुलैअखेर डोंगरावर टोपली घेऊन जाताना दाखवू नका. ते निळं-काळं फळ बिलबेरी, स्थानिक नाव फ्रॉकन. त्याचा वेगळा रविवार असायचा, तरुण पोरंपोरी टेकडीवर जमायची. ब्लॅकबेरी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर आणि खाली, बांधांवर. तिकडचा बांध म्हणजे मातीचा उंच वरंबा, वर हॉथॉर्न हे काटेरी झाड लावलेलं. ब्लॅकबेरी कुणी लावत नाही, पक्षी बी टाकतात आणि ती आपोआप माजते. म्हणून ती तोडायला सहसा कुणी हटकत नसे.

जुनी_कागदपत्रं
टोपलीही काढा ताई. कथिलाचा डबा नाहीतर ओचा. डाग पडला की आईचा ओरडा आलाच.