कथक आणि लावणी, ३ मिनिटांचा उभा व्हिडिओ: ताल जमलाय, गोष्ट जमत नाहीये

पढंतवाली:
मंडळी, नमस्कार. मी सांगलीत कथकचा क्लास घेते. एक छोटा व्हिडिओ दोन महिने डोक्यात घोळतोय. गोष्ट एवढीशीच. रात्रीची शेवटची एसटी चुकलेल्या दोघी, स्टँडवर एकाच बाकावर. एक क्लासहून परतणारी मुलगी, दुसरी तमाशाच्या फडातली बाई. दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नाहीत. बाईची टाच नकळत ठेका धरते, तो ऐकून मुलीचं पाऊल वाजायला लागतं, आणि तिथून नाच.

बाईचं काम करणारी माझी मैत्रीण खरोखरची लावणीवाली आहे, सतरा वर्षं पायात चाळ बांधतेय. तालाचा प्रश्न नाही: तिचा ढोलकीचा ठेका आठ मात्रांचा, माझा तीनताल सोळाचा, तिची दोन आवर्तनं झाली की माझं एक. मी तिहाई (एकच बोल तीनदा) घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येते आणि त्याच समेला ती बाकावरून उठते. तालमीला आलेल्या बायकांनी या जागेवर टाळ्या वाजवल्या.

मग मोबाईलवर शूट करून पाहिलं आणि पार हिरमोड झाला. माझा तत्कार, म्हणजे पावलांचं काम, दिसतच नाही, कारण व्हिडिओचं नाव आणि मजकूर नेमका पावलांवर येऊन बसतो. ती आडवी चालायला लागली की दोन पावलांत चौकटीबाहेर. शेवटी मी तिच्यासारखी नऊवारी नेसून चक्कर घेते, तर कासोट्यामुळे घेरच उघडत नाही. अनारकलीत जी चक्कर फुलासारखी दिसते ती इथे नुसती भिंगरी. आणि भाऊ पाहून म्हणाला, "भारी आहे, पण जिंकलं कोण?"

त्या 'जिंकलं कोण'ने झोप उडालीय. मागे एका स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या अशाच प्रयोगाला खिचडी म्हटलं होतं, ते मी मनावर घेतलं नव्हतं. (खिचडीत वाईट काय असतं, हेही एक आहेच.) पॅरिसच्या उषा जे हिचे २०२२ मधले 'हायब्रिड भरतम'चे व्हिडिओ मी पन्नासदा पाहिले असतील. तमिळ घरातली मुलगी, हिपहॉप आणि भरतनाट्यम कालवत नाही. यातून त्यात जाते आणि परत येते, आणि दोन्ही आपापल्या जागी शाबूत राहतात. आमचं जाणं-येणं का दिसत नाही?

चौकटराजा:
ताई, मी लग्नांची शूटिंग करतो. नाचातलं कळत नाही, चौकटीतलं कळतं. उभ्या व्हिडिओत खालचा पाचवा भाग आपला नाहीच असं धरून चाला. उजव्या कडेला बटणांची रांग येते, तिथे हाताची मुद्रा नेऊ नका. पावलं दाखवायची तर फक्त पावलंच दाखवा, कॅमेरा जमिनीला टेकवून. दोघींना शेजारी-शेजारी उभं करू नका. एक पुढे, एक मागे. उभ्या चौकटीला रुंदी नसते, खोली असते.

स्टँडसारख्या ट्यूबलाइटमध्ये शूट करणार असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे चित्रात पट्टे पळतात. आणि गाणं ब्लूटूथ स्पीकरवर लावून वर घुंगरांचा थेट आवाज घेऊ नका. स्पीकर किंचित मागे राहतो, तुम्ही त्याच्यामागे नाचता, मग एडिटिंगला बसलं की सम सापडत नाही. वायर लावा.

राहुटी:
तुमच्या भावाला बरोबर कळलं. मी सांगते तुम्हाला, लहानपण माझं फडात गेलंय.

तुमची मुलगी ऐकते, दचकते, बदलते. आमची बाई काय करते? उठते आणि नाचते. म्हणजे गोष्ट तुमची आणि कंबर आमची. एसटी चुकली म्हणजे तिचं नक्की काय बुडालं, हे ठरवलंय का? चैत्रातल्या जत्रांची सुपारी, म्हणजे खेळाचं बुकिंग असेल, नारायणगावला फड ठरवायच्या तंबूंत, राहुट्यांवर ठरलेली, तर एक रात्र चुकणं म्हणजे अख्ख्या फडाचा खेळ अडला. हे तिच्या टाचेत आलं पाहिजे. तो ठेका सुरुवातीला मजेचा नसणार, घोर लागल्याचा असणार.

दुसरं, नजर. लावणीत आम्ही समोरच्याच्या डोळ्यात बघतो. तो फेटेवाला, तिसऱ्या रांगेतला, त्याला वाटलं पाहिजे की हे माझ्यासाठीच आहे. कथकमध्ये तुम्ही तिथे नसलेल्या कृष्णाकडे बघता आणि तो आम्हाला दिसायला लागतो. मग तुमच्या व्हिडिओत कॅमेरा कोण आहे? तुम्ही दोघीही त्याच्याकडे बघताय, म्हणून तो परीक्षक झालाय, आणि परीक्षक आला की स्पर्धा आलीच! बाईने कॅमेऱ्याकडे बघावं, मुलीने बघू नये. आणि ज्या क्षणी मुलगी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यात बघेल, तो तुमचा बदल. त्याला नऊवारी कशाला लागते?

अजून एक. बैठकीची लावणी विसरलात काय? बसून, भुवई, मान, पदराचं टोक, एवढ्यावर अख्खी रात्र रंगवायच्या बायका. मोबाईलच्या पडद्याला याहून सोयीचं काय असणार! बाक आहे तुमच्याकडे. उठवताय कशाला तिला?

कात्रीबहाद्दर:
वरच्या प्रतिसादानंतर बोलायला फार उरलं नाही. एकच: समेवर कट मारू नका, टाळीसारखा वाजतो आणि नजर कटवर जाते. हालचाल अर्ध्यात असताना मारा. माया डेरेन या बाईंनी १९४५ मध्ये कॅमेऱ्यासाठीच्या नृत्यरचनेचा अगदी काही मिनिटांचा मूकपट केला. त्यात नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो घरातल्या खोलीत. तुमच्या मुलीची टाच उचलली जाऊ दे, खाली येताना ती बाईची असू दे.

आणि गाणं कुठून घेणार? जुन्या शाहिरांचे, होनाजी बाळा किंवा राम जोशींचे शब्द आता कुणाच्या मालकीचे नाहीत, पण त्यांचं बाजारातलं ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं असतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो. ढोलकीवाला बसवून स्वतःचं मुद्रण करा, व्हिडिओ उडायची भीती नको.

पढंतवाली:
राहुटी, तुमचा प्रतिसाद मैत्रिणीला वाचून दाखवला. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "मी हे पहिल्या दिवशी बोलणार होते, पण तू बाई इतक्या उत्साहात होतीस." म्हणजे चूक माझीच, विचारलंच नव्हतं.

काल परत तालीम केली. ती आता शेवटपर्यंत उठत नाही. सुरुवातीला टाच भराभर, मध्येच थांबते, रस्त्याकडे बघते, परत चालू. मी तिच्या मागे, खांबाला टेकून, ठाट, म्हणजे कथकची सुरुवातीची उभी ठेवण, धरून उभी, म्हणजे नाच असा नाहीच, फक्त मनगट आणि मान. नऊवारी काढून टाकली, पंजाबी ड्रेसच ठेवला. तिहाई आहे, पण तिचे पहिले दोन पल्ले माझे आणि तिसरा तिच्या टाचेवर. मी कॅमेऱ्यात बघते ते त्यानंतर, एकदाच. हे करताना मला भयंकर लाज वाटली. पंधरा वर्षं गुरूंनी नजर सांभाळायला शिकवलंय, ती एका रात्रीत कशी सुटणार? मैत्रीण म्हणते, ती लाजच ठेव.

भावाला दाखवलं. यावेळी विचारतो, "मग एसटी आली का?"

आता अडचण वेगळीच आहे. सिमेंटच्या बाकाखालच्या फरशीवर टाच वाजतच नाही, नुसती घासते. खाली घालायला जुनी सागवानी फळी, निदान चार फूट लांब, सांगली-मिरजेत कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी शूट आहे.