ॲल्युमिनियमच्या बोटीत पितळी बुशभोवती पत्रा खाल्ला जातोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बडोद्यातून लिहितोय. आमची चौदा फुटी सपाट तळाची ॲल्युमिनियमची बोट आहे, ५०८३ (समुद्री कामाचा मिश्रधातू) चा पत्रा, मागे आउटबोर्ड इंजिन. मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एकाकडून बनवून घेतली. वेल्डिंग झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण पाणी काढायच्या भोकाला त्याने पितळेचा बुश (भोकात बसणारी नळी) ठोकून दिला आणि क्लीट (दोर बांधायची खुंटी), गळाचा रॉड होल्डर वगैरे सगळं एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) बोल्टांनी थेट पत्र्यावर आवळलं, मध्ये काही म्हणजे काही नाही. आता बुशभोवतीचा रंग फोड आल्यासारखा फुगलाय, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचकटला तर आतून पांढरी भुकटी आणि खाली पत्र्याला खड्डे. बोल्टांच्या वायसरखालीही तेच सुरू झालंय, पण कमी. बनवणारा म्हणतो, "साहेब, ॲल्युमिनियमला गंज लागतच नाही." आता बोला!

बोट एरवी ट्रेलरवर असते. कधी चांदोदला उतरवतो, तिथे नर्मदेचं गोडं पाणी, आणि थंडीत भरूचच्या खाली भाडभूतकडे नेतो, तिथे भरतीचं खारं पाणी येतं. तळाला जस्ताचे ॲनोड (स्वतः झिजून पत्रा वाचवणारे तुकडे) लावून टाकले की भागेल का? की एसएसचे बोल्ट काढून गॅल्व्हनाइज्ड टाकू?

खाडीकाठ
ॲनोड लावा, पण त्याने बुशभोवतीचा पत्रा वाचेल अशी आशा ठेवू नका. ॲनोड फक्त त्याच्याच पाण्यात बुडालेल्या भागाला वाचवतो. क्लीटचे बोल्ट पाण्याच्या वर, बुशची आतली बाजू बोटीत साचलेल्या पाण्यात, तळाखालच्या ॲनोडचा त्यांना काय उपयोग? आणि बोट ट्रेलरवर असताना तर तो नुसता शोभेला.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खारं पाणी, म्हणजे झाला की बॅटरीसारखा सेल तयार. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि पितळ यांच्यात साधारण अर्धा व्होल्ट फरक पडतो, चांगल्या एसएसशी त्याहून जास्त, आणि झिजतं ते ॲल्युमिनियमच. खात्री करायची तर बादलीत मिठाचं पाणी घ्या, पत्र्याचा तुकडा आणि पितळेचा तुकडा एकमेकांना न लावता बुडवा आणि मल्टिमीटर लावा, त्या फॅब्रिकेटरला पण बोलवा बघायला.

गॅल्व्हनाइज्डच्या नादी लागू नका, जस्ताचा थर आहे तोवर ठीक, तो खाऱ्या पाण्यात गेला की साधं लोखंड उरतं. ३१६ ग्रेडच्या एसएसचे बोल्टच ठेवा. मोठ्या पत्र्यात छोटा एसएस बोल्ट तसा फार घात करत नाही, वायसरखाली ओल अडकते तिथे खड्डे पडतात. उलटं मात्र कधी करू नका, म्हणजे एसएसची मोठी पट्टी ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटने मारणं, रिव्हेट बघता बघता संपतात.

लेथमास्तर
पितळी बुश काढाच हो, दुसरा इलाज नाही. डेलरिनचा (एक कडक प्लास्टिक) रॉड आणून कुठल्याही टर्नरकडून बुश करून घ्या. नायलॉनही चालतं पण ते पाणी पिऊन फुगतं, म्हणून मी डेलरिनच सांगेन. बसवण्याआधी सगळी भुकटी खरवडून गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग इपॉक्सी प्रायमर, मग पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन नको, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं.

बोल्टाचं म्हणाल तर नुसता प्लास्टिकचा वायसर टाकून लोक खूश होतात आणि बोल्टाचा दांडा भोकात पत्र्याला घासतच राहतो. भोक थोडं वाढवा, दांड्यावर प्लास्टिकची स्लीव्ह चढवा, वर आणि खाली दोन्हीकडे प्लास्टिकचा वायसर, त्यावर एसएसचा. मग मल्टिमीटरने बोल्ट आणि पत्रा तपासा, बीप वाजला की समजा कुठेतरी टेकलाय. जिथे स्लीव्ह बसत नाही तिथे ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (दोन धातूंमध्ये लावायची पेस्ट), आट्यांना भरपूर.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार, स्लीव्हचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मग ॲनोड कुठला घ्यायचा? आणि मागे इंजिन लावतो तिथे आतून मरीन प्लाय आहे, तोही पत्र्याला चिकटलेला.

खाडीकाठ
तुमचं पाणी दोन प्रकारचं, तिथेच गोची आहे. जस्ताच्या ॲनोडवर गोड्या पाण्यात थर चढतो आणि तो झोपतो. गोड्या पाण्याला मॅग्नेशियम चांगलं, पण तेच भाडभूतला नेलंत तर भराभर विरघळेल, वर गरजेपेक्षा जास्त जोर लावून पत्र्याजवळ अल्कली तयार करेल, रंग सोलेल, आणि ॲल्युमिनियमला अल्कलीही सोसत नाही. तुम्हाला ॲल्युमिनियमचाच ॲनोड बरा, मिश्रधातूचा असतो, जस्त आणि इंडियम घातलेला. त्याच्यावर रंग मारायचा नाही, बसतो तिथला रंग खरवडायचा, अर्धा झिजला की बदलायचा.

प्लायचं दुकानदाराला विचारा, कीड लागू नये म्हणून तांब्याचं प्रिझर्व्हेटिव्ह मारलं असेल तर ओला प्लाय पत्र्याला खातो. काढून सगळ्या कडा इपॉक्सीने बंद करा. तांब्याचा विषय निघालाच आहे तर तळाला क्युप्रस ऑक्साइडचा (तांब्याचा) अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो, रंग कोणी फुकट दिला तरी लावू नका. बोटीत तांब्याच्या वायरचे तुकडे, पडलेली नाणी, ओलं कार्पेट, हेही नको.

वायरमन_वाघोडिया
वायरिंगचं कोणी बोललंच नाही? बिल्ज पंपाचा (बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) निगेटिव्ह बॉडीला दिलाय का बघा. आपल्याकडे रिक्षा-गाडीची सवय, बॉडीला अर्थ मारून मोकळे. बोटीत प्रत्येक गोष्टीला दोन वायरी हव्यात, बॉडीतून करंट जायला नको, तो गळका करंट धातूंच्या फरकापेक्षा कितीतरी लवकर पत्रा खातो. आधी हे तपासा, बुश नंतर करा.

मूळ धागाकर्ता
पंपाची काळी वायर चक्क क्लीटच्या बोल्टखाली दाबलेली आहे! रविवारी सगळं उघडतो, फोटो टाकतो. डेलरिनचा रॉड किती जाडीचा घेऊ, भोक सव्वा इंचाचं आहे?

लेथमास्तर
कॉलर ठेवायची म्हणून दोन इंची घ्या. बोट नेऊ नका, जुना बुश काढून टर्नरला मापाला द्या.